बसून ऐकायचा कोरस

“भाषणबिषण नाही ना काही?” खानविलकर साहेबांनी कप खाली ठेवत विचारलं.

“नाही,” दादा म्हणाले. “नुसत्या रेकॉर्डी. मी तोंडसुद्धा उघडणार नाही.”

“तसं नव्हे हो, मास्तर. दिवस कसे आहेत ते तुम्ही जाणताच. चार माणसं एके ठिकाणी जमली की वरून विचारणा होते. गाण्याला मात्र कुणाची ना नाही. मी स्वतः येईन, मिसेसनाही आणतो.”

“या ना,” दादा म्हणाले. खरं बोलायचं होतं ते त्यांनी काढलंच नाही. म्हणून मीच विचारलं, “साहेब, आमच्या अर्जाचं?”

“आहे माझ्या ध्यानात. आईची तब्येत हे कारण चांगलं आहे.” बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच कसंसं झालं असावं. ते घाईने म्हणाले, “म्हणजे पॅरोलसाठी म्हणतो मी. बघू या, करू काहीतरी.”

आणीबाणीचा तो दुसरा हिवाळा. दादा म्हणजे माझे सासरे, याकोब पाटोळे. नगरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत त्यांना सगळे याकोबमास्तर म्हणत. शाळेत गायन शिकवून निवृत्त झालेले आणि चर्चच्या गायकवृंदाचे सर्वेसर्वा. कोरसात कुणी अर्ध्या सुराने घसरला तर त्याच्याकडे असं बघायचे की तो गडी पुढच्या रविवारी खोकल्याचं निमित्त काढून घरीच बसे. रूबेन, माझा नवरा, त्यांचा एकुलता एक. आम्ही दोघं त्याच कोरसात भेटलो, दादांच्या नजरेखाली, म्हणजे किती चोरून भेटावं लागलं असेल ते समजून घ्या.

रूबेन बिड्या वळणाऱ्या बायकांची संघटना करायचा. आणीबाणी आली तशी पहिल्याच झपाट्यात त्याला उचलून नाशिकच्या तुरुंगात टाकलं. खटला नाही, मुदत नाही. इकडे आतल्या खोलीत सासूबाई खाटेवर. पोटात पाणी होत होतं, काढलं की पुन्हा भरत होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या.” ज्याला बोलवायचं तो सरकारच्या कुलपात. किल्ली खानविलकर साहेबांच्या हातात नव्हती, पण किल्लीवाल्याकडे जाणारे कागद कचेरीतल्या त्यांच्या टेबलावरून जात. माणूस वाईट नव्हता. पेटी वाजवायचा, नाट्यपदं गुणगुणायचा, आणि सही करताना मान वर करायचा नाही.

महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी दादा चर्चच्या हॉलमध्ये रेकॉर्डी लावत. रीत अशी की प्रत्येक बाजू लावायच्या आधी ते त्या बाजूची गोष्ट मराठीत सांगायचे. कोण राजा, कोण राणी, कुणी कुणाला विष घातलं. सांगायचे इतकं रंगून की बायका म्हणायच्या, मास्तर, गोष्टच पुरी करा, ती तबकडी राहू द्या. या खेपेला गोष्ट बंद. साहेबांनी तेवढं मात्र बजावलं होतं. बोललेला शब्द म्हणजे सभा, आणि सभेला बंदी.

साहेब गेल्यावर दादांनी कपाटातून एक पेटी काढली. आत जाड पुठ्ठ्यात तीन रेकॉर्डी. मी ती पेटी ओळखली.

“ही नको, दादा.”

“का?”

“का म्हणून मला विचारता?”

“त्यांनी बोलायला बंदी केलीय, करुणा. जर्मनला बंदी केलेली नाही.” ते हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं. “त्यांना कळणार नाही, मंडळीला कळणार नाही. तुला कळेल, मला कळेल. बास झालं.”

“आणि कळलं तर? रूबेनचा अर्ज त्यांच्या हातात आहे. दुसरं काहीही लावा. वाद्यांचं लावा.”

दादांनी एक रेकॉर्ड काढून तिच्यावरची धूळ बाहीने पुसली. मग म्हणाले, “हे बघ. पदर पसरायचा तो मी पसरलाय. त्यांना चहाला बोलावलं, हसलो, या म्हणालो. पण मागायचंही आणि वर मुकं राहायचं, ही दोन्ही कामं मला एकाच वेळी जमायची नाहीत. एक तरी माझ्या मनासारखं होऊ दे.”

ती पेटी हिल्डा सिस्टरची. जर्मनीहून आलेली नर्स, आमच्या गावात वीस वर्षं काढली तिने. दादांना जर्मन तिनेच शिकवलं, दवाखान्याच्या ओट्यावर बसून, भजनांच्या निमित्ताने. मायदेशी परत जाताना ती ही पेटी दादांना देऊन गेली. आतला ऑपेरा तिच्याच देशातल्या एका संगीतकाराचा. जुलमी राजवटीत त्याने तो लपवून लिहिला होता आणि ती राजवट कोसळल्यावरच तो लोकांपुढे आला, असं सिस्टर सांगायची. गोष्ट एका राजाची. लढाई जिंकून आलेला राजा हुकूम काढतो की राज्यात कुणी रडायचं नाही. मेलेल्या शिपायांच्या आयांना चौकात उभं करतात आणि राजाची स्तुती गायला लावतात. तो त्यातला मोठा कोरस. ऐकताना अंगावर काटा यावा इतका भरदार. आपल्याला वाटावं, देवाचीच स्तुती चाललीय. कोरस भर रंगात असताना त्यातला एक आवाज गळून पडतो. एक म्हातारी गायची थांबते. मग बाकीच्याही थांबतात, आणि त्या शांततेत ती एकटी रडायला लागते.

सिस्टरने हा कोरस आमच्या घरी पहिल्यांदा लावला तेव्हा मी नवी सून होते. कोरस सुरू झाला तसा रूबेन सवयीने उठला. आमच्यात नाताळच्या मोठ्या कोरसला उभं राहायची रीत आहे. विलायतेतला कुणी राजा म्हणे तो ऐकताना एकदा उठला, राजा उठला म्हणून दरबार उठला, आणि तेव्हापासून जग उठतंय. तेव्हा कुठलाही भरदार कोरस कानावर पडला की आमची माणसं आपोआप उठतात. सिस्टरने रूबेनचा हात धरून त्याला खाली बसवलं.

“ह्याला उठायचं नाही,” ती तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली होती. “मी उठली आहे एकदा. लहान पोरगी होती, आमच्या गावच्या चौकात. सगळे उठले, मी पण उठली. हात पण वर केला. शेजारच्या घरातली माणसं नेली, तेव्हा पण मी गाणं म्हणत होती.” ती गेल्यावर दादा आम्हाला म्हणाले, “या घरात हा कोरस बसून ऐकायचा.” तेव्हापासून तसाच ऐकला.

त्या आठवड्यात मी नाशिकला मुलाखतीला जाऊन आले. रूबेन वाळला होता. आईचं विचारलं, दादांचं विचारलं. वेळ थोडा, शेजारी शिपाई. काय बोलायचं ते बोलले आणि एस.टी.ने परत आले. दादांनी विचारलं, “कसा आहे?” मी म्हटलं, “बरा आहे.” “खंबीर आहे ना?” “आहे.” दादांची मान ताठ झाली. ते आत जाऊन सासूबाईंना मोठ्याने म्हणाले, “तुझा लेक खंबीर आहे गं.” सासूबाई म्हणाल्या, “खंबीर असू द्या, नाहीतर नसू द्या. येतोय कधी ते सांगा.”

शनिवारी हॉल भरला. गोष्ट नाही म्हणून माणसं थोडी हिरमुसली होती, पण साहेब येणार म्हणून सगळे इस्त्रीच्या कपड्यात. पुढच्या रांगेत खानविलकर साहेब, त्यांच्या मिसेस आणि त्यांच्या शेजारी मी, कारण मिसेसना सोबत हवी. दादा समोर टेबलाशी, रेकॉर्ड प्लेअरजवळ खुर्ची टाकून बसले होते. बोलायचं नव्हतं म्हणून त्यांनी नुसती मान लववली आणि सुई ठेवली.

पहिली बाजू, दुसरी बाजू. साहेब मान डोलवत होते, समेची जागा शोधत होते, आणि ती काही सापडत नव्हती. त्यांच्या मिसेसनी मला हळूच विचारलं, “भांडतायत का हो ही माणसं?” मी म्हटलं, “नाही, त्यांचं गाणंच तसं आहे.”

मग तो कोरस आला.

सुरुवातीला एकच बाई, मग चार, मग सगळ्याजणी. हॉलच्या पत्र्यालाही त्याचा कंप जाणवला असेल. माझ्या मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आमच्या चर्चचे वडील, म्हणजे पंचांतले ज्येष्ठ, सर्जेराव शिरसाट उठले होते. देवाचं मोठं गाणं लागलंय म्हटल्यावर बसून कसं ऐकायचं? ते उठले तशी त्यांची रांग उठली, मग मागची. सगळा हॉल उभा राहिला, हात समोर जोडून, माना किंचित खाली, नाताळात उभे राहतो तसे. खानविलकर साहेबांनी वळून बघितलं आणि तेही चटकन उठले. मिसेस उठल्या. मी उठले. दोनशे माणसं राजाची स्तुती उभ्याने ऐकत होती, आणि माझ्याखेरीज त्यातल्या एकालाही ते ठाऊक नव्हतं.

बसलेले होते फक्त दादा.

साहेबांची नजर फिरत फिरत त्यांच्यावर गेली आणि तिथेच थांबली. त्यात राग नव्हता. नुसता प्रश्न होता, पण सरकारी माणसाच्या नजरेतला प्रश्नही कागदावर जाऊ शकतो. दादांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. त्यांनी साहेबांकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. कोरस वर वर चढत होता. मग ते उठले. गायकवृंदापुढे उभे राहायचे तसेच ताठ उभे राहिले. साहेबांची नजर निवळली आणि ते पुन्हा मान डोलवायला लागले.

कोरस थांबला, माणसं खाली बसली. म्हातारीचं रडणं सुरू झालं तेव्हा खुर्च्यांचा आणि खोकल्यांचा आवाज चालू होता, ते कुणी धड ऐकलंही नाही. दादा मात्र बसले नाहीत. ती बाजू संपेपर्यंत ते तसेच उभे होते, आणि मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

निघताना साहेब म्हणाले, “फार भव्य हो, मास्तर. विशेषतः तुम्ही सगळे उभे राहिलात ते. प्रार्थना होती का?”

“स्तुती होती,” दादा म्हणाले.

“वाटलंच मला. तुमचा कागद मी सोमवारीच पुढे काढतो.”

घरी आल्यावर पायातल्या वहाणा काढताना दादा म्हणाले, “सिस्टर लहान पोर होती. मी कोण होतो?” मी म्हटलं, “दादा, जेवून घ्या.” त्यानंतर ते कोरसच्या सरावाला जायचे, पण कुणी चुकलं तरी बोलायचे नाहीत. मंडळी म्हणायला लागली, मास्तरांचा पोरगा आत आहे ना, त्याचा घोर लागलाय. आपलेच दात आणि आपलेच ओठ, आम्ही दोघं कुणाला काय सांगणार होतो?

आणि एक दिवस दुपारी रूबेन दारात उभा राहिला. खांद्याला पिशवी, दाढी वाढलेली, सोबत पोलीस नाही. गल्लीत बातमी पसरायला उशीर लागला नाही. बिडीवाल्या बायका झेंडूचा हार घेऊन आल्या. रूबेन त्यांना दारातच म्हणाला, “हार नको, मावशी. आई आजारी आहे.” त्या म्हणाल्या, “वाघ आहेस बाबा,” आणि हार उंबऱ्यावर ठेवून गेल्या. मला वाटलं, माणूस तुरुंगात राहून साधा झाला.

सासूबाईंनी त्याचा हात जो धरला तो सोडलाच नाही. त्या बोलत होत्या, तो हूं हूं करत होता. दादा मागच्या अंगणात उगाचच बादल्या इकडच्या तिकडे करत होते. मी जाऊन म्हटलं, “आत या ना, रूबेन विचारतोय.” रूबेन विचारत नव्हता. मी आपलं म्हटलं. दादा आले, खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसले. मी दाराशी उभी.

“रूबेन,” दादा म्हणाले, “तुला एक सांगायचंय.”

“दादा, मलाही सांगायचंय. आधी मी...”

“नाही. बाप मी आहे, आधी मी सांगतो.” त्यांनी सगळं सांगितलं. साहेबांना चहा, ती पेटी, हॉल, कोरस. काही लपवलं नाही, काही सजवलंही नाही. “मी उठलो, बाबा. मला एकट्याला ठाऊक होतं आणि मी उठलो. मंडळी अजाणता उठली, त्यांचं काही नाही. तू आत इतके दिवस ताठ उभा होतास, आणि तू बाहेर आलास तो माझ्या उठण्यामुळे. ह्या हातांनी तुला जेवण वाढायचीही लाज वाटते.”

रूबेन फरशीकडे बघत होता. “साहेबांचा कागद नाशिकला आलाच नाही, दादा.”

“मग?”

“मी लिहून दिलं. आणीबाणीला माझा पाठिंबा आहे, पुन्हा संघटनेत पडणार नाही, झालं त्याबद्दल दिलगीर आहे. छापील मसुदा असतो, खाली सही करायची. बराकीतल्या सगळ्यांसमोर उठून ऑफिसात जावं लागतं. कुणी बोलत नाही, नुसते बघतात. तुम्ही ती रेकॉर्ड लावलीत तेव्हा माझी सही झालेली होती. हुकूम यायला वेळ लागला एवढंच.”

दादा अगदी हळू म्हणाले, “म्हणजे मी फुकट उठलो.”

“आत मला सगळे म्हणायचे, तुझा बाप कणखर माणूस आहे, त्याच्यावर गेलायस. सही करताना तुमचाच चेहरा समोर येत होता. म्हणून आल्यापासून बघितलं नाही तुमच्याकडे.”

दोघं तसेच बसून राहिले, खाली माना घालून. बापलेकांच्या माना अगदी एकसारख्या वळतात हे मी तेव्हा पाहिलं. आणि मला रडू फुटलं, कारण दोघांनीही आपापलं पाप पदरात घेतलं होतं आणि दोघांपैकी एकानेही माझं नाव घेतलं नव्हतं.

नाशिकला त्या मुलाखतीत मी रूबेनला म्हणाले होते, “तुझी तत्त्वं आईला औषधाच्या जागी पाजू का? ती मरेल ती दाराकडे बघत मरेल, आणि तिचे डोळे मला मिटावे लागतील. सही कर नाहीतर पुन्हा मला भेटायला बोलावू नकोस.” हे मी रडून म्हटलं होतं, शिपायासमोर. आणि हॉलमध्ये दादांनी माझ्याकडे बघितलं तेव्हा मी त्यांच्यासमोर हात जोडले होते. नाताळात जोडतो तसे नव्हेत. भीक मागताना जोडतात तसे, साहेबांना दिसू नयेत म्हणून पदराआड. एकाचा भरवसा धरला असता तर दुसरा तरी वाचला असता. मी दोन्ही दारं ठोठावली.

“झालं का दोघांचं?” सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पार खोल गेला होता, पण धार तीच. “इतके महिने मी दाराकडं बघत पडले, आणि आता आलाय तर दोघं फरशी बघत बसलेत. तुमच्या राजाचं आणि सरकारचं मला काही कळत नाही. वर बघ रे, रूबेन. मला तुझं तोंड बघू दे.”

रूबेनने मान वर केली. दादांनी केली नाही.

मग सासूबाईंची नजर दाराकडे, माझ्याकडे वळली. “आणि तू गं? तू कशाला रडतीस? तू काय केलंस?”

मी तोंड उघडलं. पण रूबेन माझ्याआधी बोलला. “तिनं काही नाही केलं, आई.”

“तिनं काय केलंय,” दादाही खाली बघतच म्हणाले. “तिनं घर सांभाळलं.”

सासूबाईंनी मला जवळ बोलावून माझा हात आपल्या हातात घेतला. म्हणाल्या, “माझी गुणाची बाई.” मी पदराने तोंड पुसलं, त्यांच्याजवळ बसले, आणि कुणालाच काही बोलले नाही.